ढोलीतलं बीज

चिचटोला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी,
१८ ऑगस्ट १९५५

भाऊ,

गुरुजीनं शाळेत शिकवलं होतं का मोठ्या मानसाले पत्र लिवताना वर देवाचं नाव लिवावं, मंग तीर्थरूप, मंग साष्टांग नमस्कार. तुले मी काई साष्टांग घालत नाई. चार महिने झाले, जित्ता आहेस का मेलास तेही कळवलं नाईस. काल पोळ्याले सुकलू गावात आला तवा समजलं का तू त्याच्यासंगं बल्लारशाले कोळशाच्या खदानीत आहेस, अन् तुले मिशा फुटल्या आहेत. मायले मिशाचं सांगतलं तर हासली, अन् मंग तोंडाले पदर लावून बसली.

खालचं माय सांगून राह्यली, मी लिवून राह्यली.

बाबू मुखरू, पोटभर जेवत जा. खदानीत डोक्याले जप. आमी बरे आहोत. बा बरा आहे. बैलं बरे आहेत. कमळी बरी आहे, दिवसभर भाऊ कुठी गेला म्हनते. पानी बरं आहे. धान बरं आहे. सनावाराले ये.

माय चुलीकडे गेली. आता माहं आयक. बरं बरं किती डाव लिवलं ते मोजून पाह्य. आपल्या धानाच्या नऊ बांध्या. त्यातल्या चारच रोवल्या, बाकीच्या पाच बांध्यात गवत उभं आहे. बीज नवतं तर रोपाचे पऱ्हे कुठून टाकाचे? शेजारच्या गुनाबाईनं तिच्या घरचा रोवना आटपल्यावर उरलेले पऱ्हे देल्ले, ते पिवळे पडले होते, तरी मी अन् मायनं लावले. बा नांगर धरून एकटाच चिखल करत होता. तू असतास तर नऊच्या नऊ झाल्या असत्या हे त्याले समजते, पन तुहं नाव घरात काहाडाचं नाई असं त्यानं सांगतलं आहे. कमळीनं काहाडलं तर तिच्यापुढची ताटली उचलून घेतली. मंग ठेवली परत.

काल बैलाइच्या पायावर पानी कोनी टाकावं यावरून रडारड झाली. दरवर्षी तू टाकत होतास. बानं मले तांब्या देल्ला. मी टाकलं, पन चांद्यानं पाय मांगं घेतला. तू शिकवलेला बैल आहे, तुह्यासारखाच आडमुठा.

मले तो अक्तीचा दिवस, गुरुजी अक्षय तृतीया म्हनतात तो, सारखा दिसते. दारात गुनाबाई उभी, पाटील उभा, समदे आपापल्या घरच्या बीजाचा द्रोन घेऊन मातामाय देवीच्या ओट्यावर निघालेले. बानं बीज भरून ठेवलेल्या बांबूच्या ढोलीचं वरचं शेन फोडलं, हात घातला, अन् खाली खाली घालत गेला, अन् मुठीत तूस आलं. धान नाई, नुसतं तूस. पाटील हासला ते मले अजून आयकू येते. मंग बानं बैल हाकाची तुतारी घेतली अन् तुह्या पाठीवर मोडेपर्यंत. तू चामोर्शीच्या बाजारात नवा सदरा घेतला होतास, तेवढ्यावरून त्यानं ठरवलं का बीज तूच इकलं.

मी बाले मंग म्हटलं होतं का उंदरानं खाल्लं असेल. बा म्हने, उंदीर भोक पाडते, भोकाले शेन लावून लिपत नाई.

तरी मले वाटते उंदीरच असेल.

तुही बहीन
वच्छला


चिचटोला, भाऊबीज,
नोव्हेंबर १९५५

भाऊ,

आज पाट मांडला, तुह्या नावानं सुपारी ठेवली अन् सुपारीले ओवाळलं. सुपारी काई ओवाळनी देत नाई. तूही देत नवतास, म्हनून मले फरक पडला नाई, असं मी मायले म्हटलं. ते खोटं आहे.

माहं पत्र पोचलं का नाई? सुकलूनं सांगतलेला पत्ता मी गुरुजीकडून नीट लिवून घेतला होता.

धान पिवळं होऊन राह्यलं. डुकरं येतात म्हनून बा शेतातल्या मचानावरच राह्यते. तिथीच जेवते, तिथीच झोपते. म्हनून तो घरी दिसत नाई. बाकी बरं.

भाऊ, हे वरचं खोडावं असं वाटून राह्यलं, पन कागद एकच आहे. बा मचानावर नाई, अन् धानही आता उभं नाई. बा घरी खाटेवर आहे. आठ दिवस झाले, मचानावरून उतरताना बांबू मोडला अन् तो दगडावर पडला. उजवा पाय गुडघ्याखाली मोडला. वैदूनं बांबूच्या कामट्या बांधल्या. पाय वाकडाच बसनार म्हनते. मायनं सांगतलं होतं का मुखरूले हे लिवू नको, पोरगं खदानीच्या अंधारात काम करते, घोर लागन त्याले. पन मी लिवते. तुले घोर लागला पायजे.

त्या दिवशी पडल्यावर तो कोनाले हाक मारून राह्यला होता माहीत आहे? मी शिदोरी घेऊन चालली होती, दुरून आयकलं. मुखरू, अरे मुखरू, असं. मी पोचली तर म्हने, चांद्याले हाक मारत होतो.

चार बांध्याचं धान मी अन् मायनं कापलं. त्यातले दोन कोपरे डुकरानं लोळून लोळून निजवले होते. झोडून घरी आनलं तर बानं खाटेवरूनच सांगतलं, पयलं बीज बाजूले काहाडा. मायनं नवी ढोली लिपली. लहानी आहे, गुडघ्याएवढी. बानं ती आपल्या खाटेखाली ठेवाले लावली. आता तो ढोलीवरच झोपते म्हन ना.

तू ये. भांडाले तरी ये.

वच्छला


चिचटोला, संक्रांतीनंतर,
जानेवारी १९५६

भाऊ,

तुहं कार्ड आलं. डाकवाल्यानं दुरूनच ओरडून सांगतलं का देवाजीच्या घरी कार्ड आहे. माय शेन थापत होती, तशाच हातानं धावली. कार्डाच्या एका कोपऱ्यावर तिच्या अंगठ्याचं शेन आहे. ते तिनं पुसू देल्लं नाई.

अक्षर तुहं नाई. कोनाकडून लिवून घेतलंस? पन बोलनं तुहंच आहे. मी तीनदा वाचून दाखवलं. "मी चोर नाई. ज्यानं गावासमोर मले चोर म्हटलं, त्यानं माह्यासमोर येऊन म्हनावं का मुखरू चोर नाई. तवा येईन. नाई तर समजा का मुखरू मेला. मायले नमस्कार. कमळीले आशीर्वाद."

मले काईच नाई लिवलंस. नमस्कारही नाई, आशीर्वादही नाई. काऊन रे? असं वाटलं का तुले माहीत आहे. नाई, काई नाई. सोड.

मायनं मनात धरलं होतं का बाले सांगाचं नाई. पन बानं आयकलं होतं, घर कितीसं मोठं आहे आपलं. दुपारी म्हने, तो येत नाई ना? मंग झालं. माय म्हने, अहो, एकदा म्हनून टाका ना का तो चोर नाई. बा म्हने, ढोली मी माह्या हातानं उघडली, तूस माह्या मुठीत आलं, मंग खोटं कसं म्हनू? घरात दोनच गडी, मी अन् तो. मी तर घेतलं नाई.

घरात दोन गडी अन् दोन बाया होत्या. बायाइचं तो मोजत नाई.

माय मंग माह्यापाशी आली अन् म्हने, वच्छे, चोर तर चोर, पन माहा आहे ना वं. तिचं ते बोलनं आयकून मी गोठ्यात जाऊन बसली अन् चांद्याच्या मानेले धरून लय रडली. चांद्या चरत राह्यला.

बा आता काठी घेऊन दारापर्यंत येते. काठी म्हंजे तीच मोडकी तुतारी, खालून खुंटा बांधून घेतला आहे. नांगर त्याच्यानं धरवत नाई. उन्हाळवाही कोन करनार ते कोनी बोलत नाई. पाटील मातर दोनदा येऊन गेला. बसते, पान खाते, बांध्या पाहून जाते.

वच्छला


चिचटोला, महाशिवरात्र,
मार्च १९५६

भाऊ,

आज समदे मार्कंड्याच्या जत्रेले गेले. बैल जुपलेल्या गुनाबाईच्या खाचरात मायले अन् कमळीले बसवून देल्लं. माय म्हने, नदीत बुडी मारून मुखरूसाठी मागून येतो. बा आंगनात खाटेवर झोपला आहे. मी गोठ्यात बसून लिवून राह्यली. आज मले कोनी पाहाले नाई, म्हनून आजच लिवते. उद्या हिंमत होनार नाई.

ढोली मी फोडली.

लिवलं. आता कसं झालं ते पुरतं आयक, अर्धवट वाचून कागद फाडू नको.

मागच्या वर्षी फागुनात लहान्या झाला अन् नऊ दिवसात गेला, ते तुले माहीत आहे. तू अन् बा त्याले नदीकाठी नेऊन आलात अन् परत जंगलात लाकडं तोडाले गेलात, कारन तिथी ठेकेदार दोन वेळचं जेवाले देत होता. घरी काय होतं हे तुमी इचारलं नाई. मायनंही सांगतलं नाई. कनगीतलं धान माघातच सरलं होतं. मी अन् कमळी मोहफुलं उकडून खात होतो. आमाले चालत होतं. पन माय बाजेवर होती, तिले ताप होता, मोहफुलं खाल्ली का उलटून टाकत होती. तिचे डोळे आत गेले होते. एक डाव मी हाक मारली तर ओ देल्ली नाई. मी नाकापुढं हात धरून पाह्यला.

गुनाबाई म्हने, बाळंतिनीले भाताची पेज पायजे वं, नाई तर उठत नाई ती. अन् पेजेले तांदूळ पायजे, हे तिनं सांगतलं नाई, कारन ते कोनालेही समजते. तिच्याही घरी तवा काई नवतं.

मंग मी इळा घेतला अन् ढोलीच्या मांगच्या अंगाले, भिंतीकडून, बुडापाशी दोन कामट्या कापल्या. माही मूठ जाईल एवढंच भोक. दोन मुठी धान काहाडलं, उखळात कांडलं, पेज केली. माय म्हने, तांदूळ कुठून आनला? मी म्हटलं, गुनाबाईनं देल्ला. तिनं दोन्ही हातानं वाटी धरून पेली. मंग बोटानं वाटी पुसून बोट चाटलं. ते पाह्यल्यावर मले थांबता आलं नाई.

रोज दोन मुठी. कांडल्यावर जे तूस निघे ते मी परत भोकातून आत लोटाची, का बा आला अन् त्यानं ढोलीवर थाप मारली तर भरल्यावानी वाजावी. मंग शेनानं लिपून टाकाची. मले वाटलं मी लय हुशार. दोन मुठीनं काय होते, असं रोज वाटे. दीड महिना झाला तवा माय उठून चालाले लागली, अन् अक्ती चार दिवसावर आली. त्या दिवशी मी हात घातला तर खांद्यापर्यंत गेला अन् तूसच आलं. बुडातून काहाडलं तर वरचं धान खाली येते, हे मले समजलंच नवतं. मले वाटलं होतं खालचं थोडंसं कमी होईल, वरचं तसंच राहील.

मी तेव्हाच सांगाले पायजे होतं. रोज सकाळी ठरवत होती, आज सांगते. मंग ढोली उघडली. बानं इचारलं, कोनं काहाडलं? तू म्हटलंस, मी नाई. अन् तू माह्याकडे पाह्यलास. मले माहीत नाई तू काऊन पाह्यलास, पन पाह्यलास. मी ढोलीच्या मांगं गेली अन् भोकाले पाठ लावून उभी राह्यली. तुतारीचा आवाज आयकत. पयला, दुसरा, मंग मोजले नाई.

मायले मारलं असं नाई वाटत मले. तिले तर मी वाचवलं. तुले मारलं. दिवसभर हेच चालते डोक्यात, वाचवलं का मारलं, वाचवलं का मारलं. भाऊ, मी बारा वर्साची आहे, मले इतकं सोसत नाई.

आता तुले समजलं. बा चुकला पन लबाड नाई, लबाड मी आहे. आता तर येशील? येऊन मले मार, मी हू का चू करनार नाई. पन येऊन नांगर धर.

बाले सांगाची मातर हिंमत नाई. ते तू सांग.

वच्छी


चिचटोला,
२९ एप्रिल १९५६

भाऊ,

दीड महिना डाकवाल्याच्या वाटेवर जाऊन उभी राह्यली. आता तो मले दुरूनच मान हालवून दाखवते. तू माहं तोंडही पाहानार नाईस ना? बरं. पाहू नको. पन हे वाच.

काल पाटील आला अन् समदं ठरलं. बा म्हने, माह्यानं आता होत नाई. अक्तीले, मातामायच्या ओट्यावर, गावासमोर नऊ बांध्या पाटलाच्या हवाली कराच्या. पाटील आपले गडी लावून वाहील. आमी चौघं त्याच्या वाड्यामांगच्या खोपीत राहाले जानार. माय शेनगोठा करील, बा बसून दोर वळील, अन् मी पाटलीनबाईच्या हाताखाली. चांद्या अन् लाल्या त्याच्याच गोठ्यात. आपले बैल आपल्या बांधीत दुसऱ्याच्या हाकेनं चालतील.

एक डाव गेलेली बांधी परत येत नाई, हे तुले सांगाले नाई पायजे.

मोहफुलं सरत आली. मी अन् माय उजाडताच जंगलात जातो. काल वेचता वेचता माय थांबली अन् म्हने, वच्छे, मागच्या साली तू मले पेज पाजत होतीस, गुनाबाईचे उपकार कधी फिटतील वं. गुनाबाई बाजूलेच वेचून राह्यली होती. तिनं माह्याकडे पाह्यलं. परत येताना मातर माह्या डोक्यावर हात ठेवून म्हने, पोरी, मले नको देऊ वं ते पुन्य, मी काई तुमच्या घरी मूठभर तांदूळ आनले नवते.

म्हंजे तिलेही समजलं आहे. आता एकटा बाच राह्यला.

अक्तीले चौदा दिवस आहेत. तू बारा दिवसात आलास तर मले सांगावं लागनार नाई. मी भित्री आहे, भाऊ. मी तुले शेवटचं म्हनते, ये.

वच्छी


चिचटोला, अक्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी,
१४ मे १९५६

भाऊ,

हे पत्र टपालानं आलं नाई. ज्यानं तुह्या हातात देल्लं त्याच्याकडे नंतर पाह्य. आधी हे वाच, अन् मोठ्यानं वाच, कारन त्याले वाचता येत नाई अन् यात काय लिवलं ते त्यालेही आयकाचं आहे.

काल अक्ती झाली. सकाळीच पाटील आंगनात येऊन बसला. गुनाबाई आपल्या घरचा द्रोन घेऊन आली. बानं खाटेखालची लहानी ढोली बाहेर काहाडाले लावली. तेच आंगन, तेच लोक, तूच नवतास. बा तुतारी टेकून उभा राह्यला अन् शेन फोडाले वाकला. मी ढोलीवर दोन्ही हात ठेवले.

बा म्हने, सरक.

मी म्हटलं, बा, मागच्या वर्षी ढोली मी फोडली होती. भाऊनं नाई. मायच्या पेजेसाठी रोज दोन मुठी काहाडल्या. तूस मीच भरलं.

माहं बोलनं इतकं मोठ्यानं निघालं का पाटलाचं पान चावनं थांबलं. माय दारात होती, ती उंबरठ्यावर खालीच बसली. म्हने, त्या पेजेत मी माह्या पोराले खाल्लं का वं? कमळी तिच्या मांडीवर चढून तिचं तोंड पुसाले लागली. मले वाटलं आता धरनी फाटावी.

मी बाच्या हाताखालची तुतारी पाहात होती. मी म्हटलं, मारा. जितक्या भाऊले मारल्या तितक्या मारा.

बानं तुतारी उचलली नाई. तिच्याशिवाय त्याले उभं राहता येत नाई, म्हनून उचलली नाई असं मले आधी वाटलं. मंग तो हळूच म्हने, मले माहीत होतं.

म्हने, त्याच दिवशी संध्याकाळी ढोली पालथी करून पाह्यली. भोकाच्या लिपनावर बोटं उमटली होती. बारीक, पोरीची. मुखरूचा एक अंगठा त्या समद्या बोटाइएवढा. तवा मुखरू नदीपार झाला असेल. धावलो असतो तर सापडला असता.

मी म्हटलं, मंग धावलात काऊन नाई?

भाऊ, तो जे बोलला ते मी त्याच्याच शब्दानं लिवते. तो आता तुह्यासमोर उभा आहे, मी एक शब्द बदलला असेल तर त्याले इचार. "जवान पोरगं चोर निघालं तर लोक पोराले नाव ठेवतात. अकरा वर्साची पोरगी घरचं बीज चोरून मायले पाजते तवा लोक बापाले नाव ठेवतात. बायको मरून राह्यली होती अन् मी ठेकेदाराच्या पंगतीत भात खात होतो. ते गावाले दिसू नये म्हनून मी पोराले चोर होऊ देल्लं."

वर्सभर मी समजत होती का मीच एकटी लपवून राह्यली. तो ज्या खाटेवर झोपत होता तिच्याखाली ते समदं होतं. मले त्याचा इतका राग आला का काय सांगू. मी म्हटलं, बा, तुमी लय वाईट मानूस आहा. पाटलासमोर म्हटलं. बा म्हने, हो.

मंग त्यानं द्रोन भरला. लंगडत ओट्यावर गेला, कोनाले धरू देल्लं नाई. मातामायची पूजा करनाऱ्या भुमकानं समद्या घरचं बीज एका सुपात ओतलं, कालवलं, अन् दरवर्षीसारखी एकेका घराले मूठ मूठ परत देल्ली. बाची पाळी आली तवा तो मूठ घेऊन तिथीच उभा राह्यला अन् गावाले म्हने, मागच्या अक्तीले मी माह्या पोराले इथं चोर म्हटलं. तो चोर नाई. माह्या घरात दाना नवता, म्हनून माह्या घरच्यानं बीज खाल्लं. चुकी घरधन्याची. एक म्हातारी म्हने, आता सांगून राह्यलास, देवाजी?

पाटलानं इचारलं, मंग बांध्याचं काय? बा म्हने, मिरगापर्यंत थांबा. पोरगं आलं तर नांगर त्याचा. नाई आलं तर समदं तुमचं, मी दुसऱ्यांदा शब्द फिरवनार नाई. पाटील म्हने, मिरगाच्या दिवशी माहे गडी बांधीत उतरतील. मिरगाले पंचवीस दिवस आहेत. मोजून घे.

घरी आल्यावर बा मले म्हने, मुखरूनं कार्डात काय लिवलं होतं ते परत वाच. मी वाचलं. "त्यानं माह्यासमोर येऊन म्हनावं." बा म्हने, येऊन म्हनावं, असंच लिवलं आहे? मी म्हटलं, असंच. म्हने, मंग टपालानं जमत नाई.

माय नको नको म्हनत राह्यली. या पायानं? मी जातो म्हने ती. तो आयकत नाई. नदीपर्यंत गुनाबाईच्या घरचं खाचर सोडनार आहे. पुढं मूलच्या ठेसनापर्यंत पायी, मंग आगगाडी. आगगाडीत तो कधी बसला नाई, तुले माहीत आहे. सुकलूच्या नावाची चिठ्ठी त्याच्या टोपीत घालून देल्ली आहे, का कोनाले तरी दाखवून तो तुह्या खदानीच्या फाटकाशी पोचावा. मायनं भाकरी बांधल्या. ओट्यावर मिळालेली ती मूठभर बीजाची पुरचुंडी त्याच्या धोतराच्या सोग्यात आहे. ती बांधीत टाकाची, अन् ती तुह्या हातची पायजे असं त्याचं म्हननं. माहं नाई, त्याचं. त्यानं मले हे लिव असं सांगतलं अन् मंग म्हने, नको लिवू. मी लिवलं.

त्यानं मले इचारलं, कागदात काय काय लिवलं? मी म्हटलं, समदं. म्हने, मंग मले बोलाचं काम नाई. मी म्हटलं, नाई बा, ते एक वाक्य तुमालेच म्हनावं लागन, माह्या कागदानं चालनार नाई. रस्ताभर तेच घोकत येईल बिचारा. तुह्यासमोर आल्यावर विसरला तर थांब जरासा, लगेच तोंड फिरवू नको.

माह्यावर राग धरला असशील तर धर. मी काई माफी मागत नाई, कारन त्या दिवसासारखी माय पुन्हा बाजेवर पडली तर मी पुन्हा ढोली फोडील. पन या डावाले सांगून फोडील, अन् पाठ पुढं करील.

खाचर जुपलं आहे. बा हाक मारून राह्यला.

भाऊ, तो उन्हात उभाच राहील, तू बस म्हनेपर्यंत बसनार नाई. त्याले आधी पानी दे अन् खाली बसव. त्याचा पाय लय दुखून राह्यला असेल.

वच्छी